घरभराचं मीठ

घरात कुणाला बीपी निघालं की पहिला बदल स्वयंपाकघरात होतो. भाजी शिजत आली की मीठ घालण्याआधी एक वाटी बाजूला काढली जाते, ती बीपीवाल्यांची. उरलेल्या पातेल्यात नेहमीच्या अंदाजाने मीठ पडतं, ते बाकीच्यांचं. हेतू चांगला असतो, कष्टही मनापासून घेतलेले असतात, तरी बहुतेक घरांत ती वाटी फार दिवस निघत नाही. कधी ज्यांच्यासाठी काढायची त्यांनाच ती नकोशी होते, कधी दोन चवी सांभाळता सांभाळता करणारीचा जीव मेटाकुटीला येतो, कधी सणवार येतो आणि एकदा मोडलेलं पथ्य पुन्हा सुरू होत नाही. मग डॉक्टरांना ‘मीठ कमीच खातो’ असं सांगितलं जातं आणि गोळीची ताकद वाढते. ही वेगळी वाटी मुळातच एका चुकीच्या समजावर उभी आहे, असं या प्रकरणात मांडायचं आहे. रक्तदाब मोजला जातो एका माणसाच्या दंडावर, पण तो वाढतो सगळ्या घराच्या आणि गावाच्या खाण्यापिण्यातून. तो उतरवायचा तर एकाचं ताट अळणी करण्यापेक्षा सगळ्या घराचं मीठ हळूहळू कमी करणं जास्त परिणामकारक आहे, जास्त टिकणारं आहे आणि रांधणारीच्या दृष्टीनेही जास्त न्याय्य आहे.

हृदय आकुंचन पावताना रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडलेलं असताना जो दाब उरतो तो खालचा. दंडाला बांधायची फुगणारी पट्टी इटलीतल्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली बनवली आणि त्या पट्टीखालच्या धमनीचे आवाज ऐकून दोन्ही आकडे काढण्याची रीत रशियातले शल्यचिकित्सक कोरोत्कोव यांनी १९०५ साली दिली. आपल्याकडे दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब पुन्हा पुन्हा भरला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी शांतपणे मोजला तर ही रेषा १३५/८५ ला धरतात. पण ही रेषा उपचार कधी सुरू करायचा हे ठरवण्यासाठी आखलेली आहे. धोका तिच्या बराच अलीकडे सुरू होतो. जगभरातल्या ६१ अभ्यासांमधल्या सुमारे १० लाख माणसांची माहिती एकत्र करून २००२ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की ४० ते ६९ या वयात वरचा आकडा ११५ पासून पुढे दर २० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. म्हणजे ज्यांचा आकडा १३० भरतो आणि ज्यांना ‘नॉर्मल आहे’ असं सांगून घरी पाठवलं जातं, तीही माणसं त्या चढावरच असतात. घरातल्या एकाला बीपी आहे आणि बाकीच्यांना नाही, असं म्हणणं त्यामुळे अर्धवट खरं ठरतं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. चार मोठ्या माणसांच्या घरात सरासरीने एकाहून जास्त रुग्ण निघावेत, इतकं हे प्रमाण आहे.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं की वय झालं की बीपी वाढणारच; केस पिकतात तसं. हे खरं असतं तर जगात सगळीकडे वयाबरोबर दाब वाढताना दिसला असता. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या १०,०७९ माणसांचा दाब मोजला गेला आणि चोवीस तासांची लघवी साठवून तिच्यातलं सोडियम तपासलं गेलं. पोटात गेलेलं बहुतेक सोडियम लघवीवाटेच बाहेर पडतं, म्हणून मीठ किती खाल्लं याचा यापेक्षा भरवशाचा हिशेब नाही. आपल्याकडची नवी दिल्ली आणि लडाख ही ठिकाणंही त्यात होती. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा सरासरी दाब ९६/६१ भरला, त्यांच्यात उच्च रक्तदाबाचा एकही रुग्ण सापडला नाही आणि पन्नाशीतल्या माणसांचा दाब विशीतल्यांपेक्षा वाढलेला दिसला नाही. या अभ्यासावर टीकाही झाली. अत्यल्प मीठ खाणाऱ्या चार ठिकाणांना वगळलं तर उरलेल्या ४८ ठिकाणांत सरासरी मीठ आणि सरासरी दाब यांचा मेळ बसत नाही, असा तो आक्षेप होता आणि आकड्यांच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण त्याच ४८ ठिकाणांत आणखी एक गोष्ट दिसली होती: जिथे मीठ जास्त, तिथे वयाबरोबर दाब चढण्याचा वेग जास्त. आपला प्रश्न नेमका तोच आहे. पिकणाऱ्या केसांशी या वाढीचा संबंध नाही. वर्षानुवर्षं रोज जे पोटात जातं त्याचा तो साठत गेलेला परिणाम आहे.

यानोमामींची अंगकाठीच वेगळी असेल, रक्तच वेगळं असेल, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. केनियातल्या लुओ समाजाच्या अभ्यासाने तिचं निरसन केलं. खेड्यातून नैरोबीला पोटापाण्यासाठी आलेल्या लुओंचा दाब काही महिन्यांतच गावाकडे राहिलेल्यांपेक्षा वर गेला. त्यांच्या लघवीत सोडियम वाढलं होतं आणि पोटॅशियम घटलं होतं. माणसं तीच, वंश तोच, बदललं ते खाणं आणि जगणं. आता एक उलट बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे, कारण तो मिठाच्या बाजूने बोलत नाही. इटलीतल्या उंब्रिया भागात मठात राहणाऱ्या १४४ जोगिणींवर आणि त्याच भागातल्या संसारी स्त्रियांवर संशोधकांनी अनेक दशकं लक्ष ठेवलं. दोन्ही गटांच्या खाण्यातल्या मिठात म्हणण्यासारखा फरक नव्हता, तरी संसारी स्त्रियांचा दाब वयाबरोबर चढत गेला आणि मठातल्या स्त्रियांचा जवळजवळ तिथेच राहिला. शांत, ठरावीक, काळजी नसलेल्या आयुष्याचं दाबाशी नातं आहे, हे यातून मान्य करावंच लागतं. पण या पुराव्याचा उपयोग काय करायचा? घरसंसार, नोकरी, शेती सोडून मठात जाणं कुणाला शक्य नाही आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आजवर कुणाच्या कामी आलेला दिसत नाही. मिठाची बरणी मात्र हाताशी आहे. जे कारण आपल्या हातात आहे त्यापासून सुरुवात करावी, एवढंच इथलं म्हणणं आहे.

मिठाने दाब का वाढतो, याचं उत्तर मूत्रपिंडात आहे. सोडियम जिथे जातं तिथे पाणी धरून ठेवतं. रक्तात ते वाढलं की रक्ताचं आकारमान वाढतं आणि जादा सोडियम बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडावर पडतं. मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद चांगली असेल तर हे काम कमी दाबावर उरकतं. ती थोडीशी जरी उणी असेल, आनुवंशिकतेने असो वा वयाने वा मधुमेहाने, तर तेवढंच सोडियम बाहेर ढकलायला शरीराला दाब चढवावा लागतो आणि मग तो चढलेलाच राहतो. अमेरिकेतले संशोधक लुईस डाल यांनी मिठाने पटकन दाब चढणारे आणि न चढणारे असे उंदरांचे दोन वाण तयार केले होते. चढणाऱ्या वाणाचं मूत्रपिंड न चढणाऱ्या उंदराला बसवलं तर त्याचा दाब वाढायचा. उलट केलं तर उतरायचा. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर लोणचं-पापड खाल्लं, त्यांना काही झालं नाही’ या नेहमीच्या आक्षेपाचं उत्तर यात आहे. काहींची मूत्रपिंडं मीठ सहज पेलतात, काहींची पेलत नाहीत. पण कोण कुठल्या गटात आहे हे आधी सांगणारी सोपी तपासणी नाही आणि आजोबांचं मूत्रपिंड नातवाला मिळालंच असेल याची खात्रीही नाही.

खाण्याने दाब खाली येतो हे सगळ्यात ठळकपणे आधी दाखवलं ते वॉल्टर केंपनर यांनी. जर्मनीतून अमेरिकेत आलेले हे डॉक्टर १९४० च्या दशकात ड्यूक विद्यापीठात मरणपंथाला लागलेल्या रुग्णांना फक्त भात, फळं, फळांचे रस आणि साखर देत. मीठ जवळपास शून्य. कित्येकांचे दाब उतरले, सुजलेली हृदयं आकसली, डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव भरून आले. पण हा आहार इतका कठोर होता की रुग्णालयाबाहेर तो पाळणारे फार थोडे निघाले. वेगळ्या वाटीचा प्रश्नही हाच आहे. माणसाने माणसांत राहून महिनोन्‌महिने जे खायचं, ते त्याला आवडलं पाहिजे. पुढे १९९७ साली अमेरिकेत ‘डॅश’ नावाची चाचणी झाली, तिने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. ४५९ माणसांना भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे, अख्खी धान्यं आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं जास्त असलेला आहार दिला. मीठ आणि वजन मुद्दाम होतं तेवढंच ठेवलं. तरीही ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचं अमेरिकी जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेत ११.४ ने खाली आला, तोही काही आठवड्यांत. चांगली गोळीसुद्धा साधारण एवढंच करते. या आहाराच्या गुणाचा मोठा वाटा पोटॅशियमचा मानला जातो. ते मूत्रपिंडाला सोडियम बाहेर टाकायला लावतं आणि धमन्या सैल करतं.

ही यादी वाचताना मराठी वाचकाला ओळखीचं काहीतरी दिसलं पाहिजे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा चाकवताची पातळ भाजी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक: डॅशच्या तक्त्यातलं जवळजवळ सगळं या ताटात आहे. भाकरीच्या पिठात बहुतेक घरांत मीठ घालतच नाहीत, हा तर मोठाच फायदा. पावाचं तसं नाही, त्याच्या कणकेतच मीठ मुरलेलं असतं. बिघडतं ते ताटाच्या डाव्या बाजूला. तिथे मीठ, लोणचं, चटणी, पापड येतात आणि कोशिंबिरीत, ताकात, उसळीत जे मीठ पडलेलं असतं त्यावर चढतात. लोणचं टिकतंच मुळी मिठावर. पापडात मीठ असतं आणि शिवाय पापडखार, जो स्वतःच सोडियमचा क्षार आहे. जिभेला तो खारट लागत नाही म्हणून हिशेबातून सुटतो. ढोकळ्यातला खायचा सोडाही तसाच. सांडगी मिरची, सुकट, खारवलेले बोंबील, फरसाण, पाकिटातली शेव हे सगळं थोडं थोडं खाल्लं जातं आणि थोडं थोडं म्हणूनच मोजलं जात नाही. पाकिटबंद पदार्थावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, एवढं लक्षात ठेवलं की दुकानातच हिशेब करता येतो.

खरा हिशेब मात्र मिठाच्या पिशवीवर होतो आणि तो कुठल्याही घराला करता येण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, सकाळच्या चहाबरोबरच्या खारीपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सगळं धरून. चार माणसांच्या घरात हे महिन्याला ६०० ग्रॅम होतं. पण आपल्याकडे मीठ किलोच्या पिशवीत येतं आणि पुष्कळ चौकोनी कुटुंबांत ती महिनाभरात संपते. किलोला ३० दिवसांनी आणि चार माणसांनी भागलं तर माणशी ८.३ ग्रॅम येतात. देशपातळीवरच्या पाहणीत लघवी तपासून जो सरासरी आकडा निघाला तो ८ ग्रॅम होता, पुरुषांचा ८.९ आणि बायकांचा ७.१. पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि संपली त्या दिवसाची वहीत टिपावी. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय घराचं मीठ कळतं. लोणचं-पापड वर्षाचं घालत असाल तर त्याला लागलेलं मीठ वेगळं धरावं आणि बाहेरचं खाणं या हिशेबात येत नाही हेही ध्यानात ठेवावं. या हिशेबातून आपल्या समाजाला अनुकूल असं एक सत्य बाहेर येतं. युरोप-अमेरिकेत बहुतेक मीठ कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांतून पोटात जातं. तिथला गृहस्थ कितीही ठरवलं तरी पावातलं मीठ काढू शकत नाही. आपल्याकडे अजूनही बहुतेक मीठ घरच्या पातेल्यात पडतं, घरच्या हाताने पडतं. बाजारातल्या खाण्याचा वाटा वाढतो आहे हे खरं आहे, म्हणून हा उपाय हातात आहे तोवर तो वापरला पाहिजे.

आता वेगळ्या वाटीऐवजी घरभराचं मीठ का, याचा पुरावा. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली एक महत्त्वाचा विचार मांडला: एखाद्या समाजात रुग्ण किती हे त्या समाजाच्या सरासरीवर ठरतं, आणि सगळ्यांचा आकडा दोन-तीनने खाली आला तर मोजक्या रुग्णांचा पुष्कळ खाली आणण्यापेक्षा जास्त माणसं वाचू शकतात. ज्यांचा दाब किंचित वाढलेला होता पण रोग म्हणावा इतका नव्हता, अशांना मीठ कमी करायला शिकवणाऱ्या दोन अमेरिकी चाचण्यांमधल्या माणसांचा १० ते १५ वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा, हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार त्यांच्यात सुमारे २५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे मीठ कमी केल्याचा लाभ ‘बीपी नसलेल्यां’नाही होतो. घराच्या पातळीवरचा सगळ्यात सुंदर प्रयोग उत्तर चीनमध्ये झाला. तिथल्या २८ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत मुलांना मिठाविषयी शिकवलं आणि ते घरी पोचवायला सांगितलं. त्या मुलांच्या घरातल्या मोठ्यांचं मीठ दुसऱ्या गटाच्या तुलनेत दिवसाला २.९ ग्रॅमने घटलं आणि वरचा आकडा २.३ ने उतरला. कुणाचंही ताट वेगळं झालं नाही. पातेलं एकच राहिलं आणि त्यात मीठ कमी पडलं.

कमी मिठाची चव कुणाला आवडणार, हा आक्षेप पहिल्या आठवड्यापुरता अगदी रास्त आहे. पण जीभ शिकते. महिनोन्‌महिने कमी मिठाचं जेवलेल्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की त्यांना पूर्वीचंच रस्सा-सूप खारट वाटू लागलं आणि कमी मिठाचं आवडू लागलं. ब्रिटनमध्ये सरकारने कारखान्यांना पावातलं मीठ वर्षावर्षाने थोडं थोडं कमी करायला लावलं. २००३ ते २०११ या काळात तिथलं सरासरी मीठ सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं आणि खाणाऱ्यांच्या ते फारसं लक्षातही आलं नाही. घरीही तसंच करता येतं. पहिल्या महिन्यात ताटातलं वरचं मीठ बंद, दुसऱ्यात आमटी-भाजीतलं पाव हिश्शाने कमी, मग पापड-लोणचं रोजच्याऐवजी सणावारी. मीठ चमच्याने मोजून घालावं, मुठीच्या अंदाजाने नको. आणि शिजवताना घालण्यापेक्षा शेवटी घातलं तर तेवढीच चव कमी मिठात येते. लिंबू, आमसूल, चिंच, आलं, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर यांनी भाजीला उठाव देणं मराठी बाईला शिकवायला लागत नाही. यात आणखी एक गोष्ट आहे. वेगळी वाटी म्हणजे रांधणारीच्या कामात रोजची भर, आणि त्या भरीबद्दल कुणी बोलत नाही. एकच पातेलं राहिलं तर तो भार उतरतो. शिवाय पुष्कळ घरांत रांधणारी स्वतःच बीपीची रुग्ण असते आणि स्वतःसाठी वाटी बाजूला काढायला तिला वेळ नसतो.

‘आपल्याकडे ऊन आहे, घाम येतो, मीठ नको कसं?’ हा आक्षेप शेतात राबणाऱ्यांच्या घरात हमखास निघतो. यानोमामी विषुववृत्ताजवळच्या दमट अरण्यात राहतात, शिकार करतात, रान तोडून शेती करतात; त्यांना घाम येत नाही असं नाही. काही दिवस उन्हाची सवय झाली की शरीर घामातून जाणारं सोडियम रोखून धरायला लागतं. जुलाब लागले, उष्माघाताची लक्षणं दिसली, तर मीठ-साखर-पाणी द्यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण तो प्रसंग वेगळा आणि रोजचं जेवण वेगळं. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. घरातल्या वयस्कर माणसाला ‘सोडियम कमी झालं’ म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं, असं अनेक कुटुंबांनी पाहिलेलं असतं आणि त्यांना कमी मिठाची भीती बसलेली असते. रक्तातलं सोडियम असं घसरतं ते बहुतेक वेळा लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे, शरीरात पाणी जास्त साठल्यामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे; पाच ग्रॅम मिठाच्या जेवणाने एरवी निरोगी माणसाचं ते घसरत नाही. पण वयस्कर माणूस तशी गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारूनच मीठ कमी करावं आणि रक्त तपासून घ्यावं. कमी मीठ खाणाऱ्यांनाच धोका जास्त, असे निष्कर्षही काही मोठ्या अभ्यासांतून पुढे आले होते. त्यांत मिठाचा अंदाज लघवीच्या एकाच नमुन्यावरून बांधलेला होता आणि आजारी माणूस मुळात कमी खातो, हा गोंधळही त्यात होता. २०२२ साली सहा अभ्यासांतल्या १०,७०९ माणसांचं, चोवीस तासांची लघवी अनेकदा तपासून केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा दर एक ग्रॅम सोडियममागे, म्हणजे अडीच ग्रॅम मिठामागे, धोका १८ टक्क्यांनी वाढताना दिसला. राहिलं सैंधव: गुलाबी असो वा काळं, तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच आहे, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं.

मिठाला एक पर्याय मात्र खराखुरा आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार माणसांना घेऊन एक चाचणी झाली. यातल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेला होता, बाकीचे साठीपुढचे आणि बीपीचे रुग्ण होते. निम्म्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ साली निकाल आले: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. वरच्या आकड्यात फरक पडला होता तो केवळ तीन-साडेतीनचा. तेवढाही इतकं काम करतो. असं मीठ आपल्या बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं. पण ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत, किंवा जे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये; रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. या गोळ्या बीपीसाठी सर्रास दिल्या जातात, म्हणून हे ठासून सांगायला हवं.

बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो, कारण ते वाचकाला माहीत आहेत आणि त्यांच्यावर वादही फारसा नाही. जादा वजनाच्या माणसाने एक किलो उतरवलं की वरचा आकडा साधारण एकने उतरतो. आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास भराभर चालणं पाच ते आठचा फरक पाडतं. दारू कमी केली तर चारच्या आसपास. तंबाखूने दाब तेवढ्यापुरता चढतो, पण धमन्यांचं नुकसान कायमचं होतं, मग ती ओढलेली असो वा मळलेली. मोठ्याने घोरणाऱ्याला आणि दिवसा पेंगणाऱ्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो, आणि तो असेतो बीपी आटोक्यात येणं कठीण. हे आकडे एकात एक जसेच्या तसे मिळवता येत नाहीत, तरी दोन-तीन गोष्टी मिळून एका गोळीइतकं काम करतात.

बदल मोजायचा तर मोजणं धड हवं, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. पाच मिनिटं गप्प बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवी तुंबलेली नसावी. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं, पहिला आकडा बहुधा जास्तच येतो. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर टिपलेल्या आकड्यांची सरासरी दवाखान्यातल्या एका घाईच्या आकड्यापेक्षा खरी असते. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचं घ्यावं.

एवढं वाचून कुणी गोळी सोडली तर या प्रकरणाने घात केला असं होईल. खाण्याचे उपाय असूनही गोळ्या नव्हत्या, त्या काळात काय होत होतं ते ठाऊक आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४१ मध्ये १८८/१०५ होता. १९४४ मध्ये त्यांना कमी मिठाचं जेवण सुरू झालं, जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण दाब उतरवणारं परिणामकारक औषध कुणाकडेच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले तेव्हा दाब ३००/१९० भरला होता. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीने दाब उतरतो हे ५० रुग्णांवर पाहून ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं, आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. आज त्याहून कितीतरी सौम्य आणि स्वस्त गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ४८ चाचण्यांमधल्या ३,४४,००० हून अधिक माणसांची माहिती सांगते की गोळ्यांनी वरचा आकडा पाचने उतरला की हृदय आणि मेंदूचे मोठे झटके सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, सुरुवातीचा दाब कितीही असो. दाब १४०-१५० च्या आसपास असेल आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा आधीचा झटका नसेल, तर डॉक्टर बहुधा काही महिने खाण्या-चालण्यावर भर देऊन पाहतात. १६० च्या पुढे असेल तर गोळी आणि बदल दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचे असतात. एकदा सुरू झाली की गोळी जन्मभर, या भीतीने अनेक जण ती लांबवतात. पण घरभराचं मीठ उतरलं, वजन घटलं, की तीच गोळी जास्त लागू पडते, आणि दाब महिनोन्‌महिने चांगला राहिला, किंवा उठताना चक्कर येऊ लागली, तर डॉक्टर ती कमी करतात, काहींची बंदही करतात. ते काम त्यांच्यावर सोडावं, कारण काही गोळ्या आपल्या मनाने अचानक थांबवल्या की दाब आधीपेक्षाही वर उसळतो. घरी टिपलेल्या आकड्यांची वही आणि मिठाच्या पिशव्यांच्या तारखा त्यांच्यापुढे ठेवल्या, तर गोळी किती ठेवायची हे ठरवायला त्यांना भक्कम आधार मिळतो.